पिवळ्या बाणांची वाट

स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राच्या पायी यात्रेत नकाशा क्वचितच उघडावा लागतो. दगडांवर, भिंतींवर, झाडांच्या खोडांवर पिवळे बाण रंगवलेले असतात, त्यांच्या मागे चालत राहायचं. ओ सेब्रेइरो या वाटेवरच्या, डोंगरमाथ्यावरच्या खेड्याचे धर्मगुरू फादर एलियास वालिन्या यांनी १९८०च्या दशकात पिवळ्या रंगाने ही वाट पुन्हा आखली. तोवर ती जवळजवळ विसरली गेली होती. १९८९ साली ते वारले. सेब्रेइरोचा दमछाक करणारा चढ संपला की चर्चजवळ त्यांचा अर्धपुतळा दिसतो. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो.

सरळ रस्त्यावर बाण तुरळक असतात. जिथे फाटा फुटतो आणि पाय घुटमळतो, तिथे हमखास सापडतात. ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याच्या आयुष्यात असंच उपयोगी पडावं, असं मला मनापासून वाटतं. ज्याला काही अडलेलंच नाही त्याला उपदेश करत सुटण्यात काय अर्थ? प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात ‘माझं अनुकरण करा’ म्हटलं, पण त्याच दमात ‘जसं मी ख्रिस्ताचं करतो’ हेही म्हटलं. ती अट गळली की आपण लोकांना स्वतःच्याच मागे लावतो.

पुढे सारिया गावाच्या अलीकडे एक वयस्क धर्मभगिनी, सिस्टर, भेटल्या. त्यांच्यासोबत एक तरुण लंगडत चालला होता, टाचेवर फोड आलेले. आई गेल्यापासून त्याचा देवावर राग होता आणि तो मोठ्याने बोलूनही दाखवत होता. सिस्टरांनी त्याला एकदाही अडवलं नाही. त्याच्या चालीने चालल्या, आईचं नाव विचारलं, ती कशी होती ते विचारलं. पुनरुत्थानानंतर अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्यांना गाठून प्रभूनेही आधी ‘तुम्ही कशाविषयी बोलताय?’ असंच विचारलं होतं. शास्त्र उलगडून सांगितलं ते त्यानंतर.

पण नुसतं चांगलं वागणं पुरेसं आहे, असं मी म्हणणार नाही. आपल्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, असं प्रेषित पेत्र आपल्या पत्रात बजावतो. सौम्यतेने, हेही सांगतो. टाचेला पट्टी बांधून घेताना त्या तरुणाने विचारलंच, “तुम्ही माझ्यासाठी का थांबता?” सिस्टर म्हणाल्या, “येशू माझ्यासाठी थांबला होता.” मग त्याने आणखी विचारलं, आणि पुढच्या मुक्कामापर्यंत त्या सांगत राहिल्या.