तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रह्मानंद आजच्या खेळात टिकले असते का?

हा प्रश्न बहुतेक वेळा विशीतली मुलं विचारतात. मोबाइलवर युरोपातला एखादा गोलकीपर पायाने चाळीस मीटरचा पास देताना त्यांनी पाहिलेला असतो आणि घरातल्या मोठ्यांकडून गोव्याचे जुने गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर हे नाव ऐकलेलं असतं. दोन्ही चित्रं जुळत नाहीत, म्हणून विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हा उत्तर जरा सविस्तर देतो.

ज्यांना नाव नवीन आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. जन्म १९५४, ताळगाव. गोव्याचा फुटबॉल म्हणजे दक्षिणेकडचा सासष्टी तालुका, असं धरून चालणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, हा माणूस तिसवाडीचा, म्हणजे पणजीकडचा. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून पुढे दीड दशकाहून जास्त काळ वास्कोच्या साळगावकर संघाचा गोल त्यांनी सांभाळला. १९८३ ते १९८६ या काळात ते भारताचे कर्णधार होते. १९९७ साली अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२२ साली पद्मश्री.

संतोष करंडकाची, म्हणजे राज्यांच्या संघांमधल्या राष्ट्रीय स्पर्धेची, दोन वर्षं मात्र थांबून बघण्यासारखी आहेत. १९८२-८३ ला कोलकात्यात बंगालशी अंतिम सामना ०-० सुटला, पुन्हा खेळवला, पुन्हा ०-०. करंडक दोघांत वाटून दिला गेला. पुढच्याच मोसमात मद्रासला पंजाबला १-० हरवून गोवा पहिल्यांदा एकट्याच्या बळावर विजेता झाला. कर्णधार ब्रह्मानंद. त्या अख्ख्या स्पर्धेत गोव्यावर एकही गोल झाला नाही. आपल्याकडे अजून त्या १ ची आठवण जास्त निघते. मला विचाराल तर मोठं काम त्या ० मध्ये आहे, आणि तो शून्य कसा टिकवला जायचा हे कळल्याशिवाय तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

पहिली गोष्ट नियमांची. आपल्या खेळाडूने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही, हा नियम १९९२ चा. ब्रह्मानंदांची उमेदीची सगळी वर्षं त्याआधीची. म्हणजे डिफेंडर अडचणीत आला की चेंडू मागे ढकलायचा आणि कीपर तो उचलायचा. यामुळे बचाव सोपा व्हायचा, हे मान्यच केलं पाहिजे. १-० ने पुढे असलेला संघ असा बराच वेळ काढू शकायचा. त्या काळातले बिनगोल सामने मोजताना ही सवलत हिशेबात धरावीच लागते. पण त्याच नियमांची दुसरी बाजू कुणी सांगत नाही. चेंडू हातात घेतल्यावर कीपरला चारच पावलं टाकायची मुभा होती, त्यात चेंडू सोडायलाच हवा. ती अट २००० साली जाऊन सहा सेकंदांची मर्यादा आली, आणि २०२५ पासून ती आठ सेकंदांची झाली. चार पावलं म्हणजे किती, ते मैदानावर चालून बघा. गोलरेषेजवळ चेंडू पकडला तर पेनल्टी बॉक्सच्या कडेपर्यंतही पोचता येत नाही. म्हणून चेंडू हातात यायच्या आधीच तो कुणाला द्यायचा हे ठरलेलं असावं लागे.

पेनल्टीचंही तसंच. १९९७ पर्यंत चेंडूला लाथ बसेपर्यंत कीपरने पाय न हलवता रेषेवर उभं राहायचं असा नियम होता. आज तो रेषेवर डावी-उजवीकडे नाचू शकतो, एक पाय रेषेवर ठेवून दुसरा पुढे टाकू शकतो. अकरा मीटरवरून ताशी ९० किलोमीटरने आलेला चेंडू ०.४४ सेकंदात पोचतो. एवढ्या वेळात स्थिर उभं राहून सुरुवात करणं आणि आधीच अंग हलतं असताना सुरुवात करणं यात केवढा फरक पडतो, ते कुठल्याही कीपरला विचारा.

दुसरी गोष्ट मैदानांची. फातोर्ड्याचं स्टेडियम १९८९ साली उघडलं. त्याआधीची गोव्यातली पिढी तांबड्या मातीवर आणि कापणी झालेल्या शेतांत तयार झाली. सरद म्हणजे पावसाळी भाताची कापणी झाली की जिथे वायंगण, म्हणजे उन्हाळी पीक, करत नाहीत ती शेतं फुटबॉलला मोकळी. धसकटं, गुरांच्या खुरांचे वाळलेले खड्डे, कडेला मेर, म्हणजे बांध. अशा जमिनीवर घरंगळत आलेला चेंडू शेवटच्या दीड-दोन मीटरांत कुठेही उसळतो. त्यावर उपाय जुनाच आहे, आणि आजची मुलं नेमका तोच टाळतात. नुसते हात खाली नेऊन चालत नाही, चेंडूच्या मागे अख्खं शरीर आणायचं. एक गुडघा दुसऱ्या पायाच्या टाचेजवळ आडवा टेकायचा म्हणजे मध्ये फट राहत नाही, दोन्ही करंगळ्या जवळ, तळवे वर, आणि चेंडू आला की छातीशी ओढून घ्यायचा. खडा लागून चेंडू उडाला तरी पोटाला किंवा छातीला आपटून समोर पडतो. फक्त हातांवर विसंबलात तर तो मनगटावरून थेट जाळ्यात.

झेप घेणंही जमिनीवर अवलंबून. हिरवळीवर कसंही पडलं तरी निभावतं. जांभ्याच्या कठीण मातीवर पडण्याचा क्रम चुकला की शिक्षा लगेच. आधी पोटरीची बाहेरची बाजू, मग मांडी, मग कंबर, मग बरगड्यांची बाजू आणि सगळ्यांत शेवटी खांदा. चेंडू शक्यतो शरीराच्या पुढे जमिनीला टेकवायचा, एक हात त्याच्या मागे, एक वर. कोपर आधी आपटलं तर सालटं जातं हे झालंच, पण त्याहून वाईट म्हणजे कोपराला झटका बसला की बोटं उघडतात आणि पकडलेला चेंडू सुटतो. समोर स्ट्रायकर असतोच. पोटावर पडणारा कीपर तर दोनदा मार खातो, कारण पडताना त्याला चेंडू दिसतच नाही.

आता चेंडू. नियमात वजन तेव्हा १४ ते १६ औंस, म्हणजे साधारण ३९६ ते ४५३ ग्रॅम, आणि आज ४१० ते ४५०, घेरही जवळपास तोच, आज ६८ ते ७० सेंटिमीटर. म्हणून मुलांना वाटतं, काही बदललं नाही. पण ते वजन सामना सुरू होतानाचं. हाताने शिवलेला चामड्याचा चेंडू शिवणीतून पाणी पितो, ओल्या मैदानावर उत्तरार्धात तो जड होतो आणि वर मातीचा चिखल बसला की साबणासारखा निसटतो. विश्वचषकातसुद्धा पूर्ण कृत्रिम चेंडू १९८६ सालीच आला. कुणाकडे जुना चामड्याचा चेंडू असेल तर वाणसामानाच्या काट्यावर वजन करा, बादलीत वीस मिनिटं बुडवून पुन्हा करा. मग तो डोक्यावरून आलेला पकडून बघा.

'त्यांना आजचे हातमोजे मिळाले असते तर?' हेही विचारतात. लॅटेक्सचा फोम धुळीच्या मैदानावर फार टिकत नाही. तांबड्या मातीचे बारीक कण त्याच्या छिद्रांत भरतात, पकड जाते, आणि दोन-चार झेपांत तळव्यावरचा थर सोलवटतो. मोजे अधूनमधून पाण्याने ओले करून, माती पुसून काढली तरच चिकटतात. तिथे पकड येते ती बोटांच्या मांडणीतून: दोन्ही अंगठे चेंडूच्या मागे एकमेकांजवळ, बाकी बोटं पसरलेली, कोपरं किंचित वाकलेली. अंगठ्यांत अंतर राहिलं की चेंडू त्यातून मागे निघून जातो.

पण शून्य टिकतो तो झेपांनी कमी आणि उभं राहण्याच्या जागेने जास्त. हे आकड्यांत सांगतो. गोल ७.३२ मीटर रुंद. स्ट्रायकर बरोबर समोर अकरा मीटरवर असेल आणि कीपर रेषेवरच थांबला तर त्याला सगळे ७.३२ मीटर राखायचे. तोच तीन मीटर पुढे आला तर त्या जागी राखायची रुंदी उरते ५.३२ मीटर. पाच मीटर पुढे आला तर ३.९९. म्हणजे पाच पावलांत जवळपास निम्मा गोल बंद. मग सगळेच पुढे का येत नाहीत? कारण चेंडू डोक्यावरून जाऊ शकतो, आणि पळत असतानाच फटका आला तर दोन्ही पाय हवेत असतात, बाजूला झेपच घेता येत नाही. स्ट्रायकरची नजर चेंडूवर खाली गेली की पुढे सरकायचं, त्याने पाय मागे घेतला की थांबायचं, दोन्ही पाय जमिनीवर. ही वेळ साधणारा कीपर मैदानात फारसा दिसत नाही. फटका सरळ त्याच्या अंगावर येतो आणि गॅलरीतले म्हणतात, स्ट्रायकरने त्याच्याच हातात मारला.

याच्या जोडीला आवाज. गोव्याच्या संघात 'म्हजो!' (माझा!) एवढी एक हाक पुरते. भारतीय संघात पुढे बंगाली, पंजाबी, मल्याळी डिफेंडर, तिथे हाकेचे शब्द आधी ठरवून घ्यावे लागतात. हाक उशिरा दिली तर न दिलेली बरी. डिफेंडरने उडी घेतल्यावर कीपर ओरडला की दोघं आदळतात किंवा दोघंही सोडून देतात, आणि चेंडू मधोमध पडतो. ज्या स्पर्धेत एकही गोल होत नाही त्या स्पर्धेत असा गोंधळ फार क्वचित झालेला असतो, आणि ते श्रेय गोलच्या पुढच्या चौघांचंही तितकंच आहे. साळगावकरने १९८८ आणि १९८९ असा लागोपाठ दोनदा फेडरेशन कप, म्हणजे क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा, जिंकला, तो चषक गोव्यात आणणारा पहिला क्लब ठरला, तेव्हाही संघाची बांधणी अशी मागूनच पक्की होत गेली होती, असं माझं मत आहे.

तर टिकले असते का? जागा धरणं, कोन बंद करणं, वेळेवर हाक, चेंडू छातीशी आणणं हे १९९२ नंतर बदललेलं नाही. ते सगळं आजही जसंच्या तसं चाललं असतं. पायाचं काम शिकावं लागलं असतं, कारण त्यांच्या काळात ते कीपरकडून कुणी मागतच नव्हतं. न मागितलेल्या कामावरून माणसाला कमी लेखू नये. आजच्या मुलांना पायाचा खेळ येतो तो दहाव्या वर्षापासून रोज करून घेतला जातो म्हणून. उंचीचा मुद्दा मात्र मी मान्य करतो. हल्ली निवड करतानाच उंची बघतात, आणि कित्येक चांगले हात तिथेच घरी परत जातात.

चित्रफिती फारशा नाहीत, तेव्हा तुम्हाला खरंच जाणून घ्यायचं असेल तर पणजीच्या कांपालला, म्हापशाच्या दुलेरला किंवा वास्कोच्या टिळक मैदानावर तेव्हा सामने पाहिलेली माणसं गाठा. साठी-सत्तरीतली आहेत, भेटतात. 'त्यांची सगळ्यांत भारी झेप कुठली' असं विचारू नका, त्याचं उत्तर दर वर्षी थोडं लांबत जातं. 'कॉर्नरच्या वेळी कुठे उभे राहायचे' असं विचारा. जुनी शिकवण होती की गोलच्या मागच्या अर्ध्यात उभं राहावं, चेहरा मैदानाकडे, कारण पुढे धावत येऊन चेंडू घेणं सोपं, मागे हटत घेणं अवघड. हल्ली चेंडू आत वळवून मारतात म्हणून कीपर मधोमध किंवा जवळच्या खांबाकडे सरकतो. ज्याने खरोखर बघितलंय तो हाताने खांब दाखवून, दोन पावलं मोजून सांगेल.