फुलांचं वस्तुचित्र: गडूतली कपाशी आणि डोमकळी

तैलरंगातलं हे चित्र आता पहिल्या थराच्या पुढे सरकलंय. पितळी गडूत पळस, झेंडू आणि मधोमध कपाशी. फाल्गुनातला पळस आणि भादव्यातली कपाशी एका गडूत कधीच भेटत नाहीत. पळस मी सातपुड्याच्या पायथ्याशी जलरंगात केलेल्या अभ्यासावरून घेतला. डच चित्रकारही वेगवेगळ्या हंगामांची फुलं अशीच एकत्र आणायचे. लंडनच्या नॅशनल गॅलरीत यान फान हाउसुमचं मातीच्या फुलदाणीतल्या फुलांचं चित्र आहे, त्यावर १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं घातलेली आहेत. फुलाच्या हंगामासाठी थांबावं लागलं तर थांबायचं.

त्या परंपरेत गळालेली पाकळी म्हणजे आयुष्याची क्षणभंगुरता, पान कुरतडणारी अळी म्हणजे नाश. हे सांगायला ट्यूलिप कशाला हवेत? आपल्या कपाशीचं फूल पहिल्या दिवशी दुधी-पिवळसर उमलतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं आणि मग गळतं. आणि डोमकळी! गुलाबी बोंडअळी आत बसून पाकळ्या धाग्यांनी जखडते, फूल उमलतच नाही, गुलाबाच्या कळीसारखं आवळून राहतं. शहरातल्या माणसाला ती देखणी वाटेल. खान्देशातल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा येईल. म्हणून तिलाच मी सगळ्यात चांगल्या उजेडात ठेवलीय.

पांढऱ्या फुलाचं काम सगळ्यात रमवणारं. खाली बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगाची पातळ जमीन, म्हणजे पायाचा थर. सावलीतली पाकळी हिरवट राखाडी, देठाकडे पिवळ्याची झाक, आणि निव्वळ टायटॅनियम व्हाइट फक्त उजेडाकडच्या काठाला. प्रत्येक पाकळीचा एक काठ शेजारच्या पाकळीवर, दुसरा तिच्या खाली. हा पीळ आधी रेखाटनात पक्का केला की फूल आपोआप गोल फिरतं. खालची तीन कातरलेली हिरवी पानं ठसठशीत हवीत, त्यांच्यावरूनच कपाशी ओळखू येते.

गुलाबीसाठी अ‍ॅलिझरिन क्रिमझन मुद्दाम टाळला. पांढऱ्यात मिसळून फिका केला की तो उजेडात उडतो. क्विनाक्रिडोन रोझ टिकतो. जुन्या डच चित्रांत कित्येक पानं आज निळी दिसतात, कारण हिरव्यातला पिवळा उडून गेला. नाशवंतपणा फुलात दाखवायचा, रंगात नाही.

आता थर पूर्ण वाळला की डोमकळीवर लिन्सीडमध्ये (जवसाच्या तेलात) पातळ केलेल्या क्विनाक्रिडोनचं ग्लेझ, म्हणजे पारदर्शक थर, देईन. उजवा कोपरा रिकामा ठेवलाय, बोंडं फुटली की तिथे एक येईल. फुटलेल्या कापसाचा मऊपणा कुणी तैलरंगात साधला असेल तर सांगा: कडा ओल्यातच विरवता, की वाळल्यावर कोरड्या ब्रशने?