बाहेरचं: जुलिएत्ताच्या मराठी सबटायटलांची वही

मागच्या नोंदीत पहिल्या पाऊण तासाची फाइल झाल्याचं लिहिलं होतं. आता गाडी शेवटच्या वीस मिनिटांवर येऊन अडली आहे. मधल्या काळात दोनदा सगळं उलटंपालटं झालं. एकदा माझ्या चुकीनं आणि एकदा मावशीमुळे.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. सिनेमा इटालियन दिग्दर्शक फेलिनीचा, १९६५ सालचा ‘जुलिएत्ता देल्यी स्पिरिती’, म्हणजे ‘ज्युलिएट ऑफ द स्पिरिट्स’. फेलिनीचा हा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत सिनेमा. जुलिएत्ताची भूमिका त्याच्याच बायकोनं, जुलिएत्ता मासिनानं केली आहे. म्हणजे नवऱ्यानं बायकोला घेऊन नवऱ्याच्या फसवणुकीवर सिनेमा काढला. यावर आमच्या घरात एक संध्याकाळ गेली, ते इथं नको. मी नऊ वर्षं इटालियन जहाजावर वाढपी होतो. इटालियन तिथंच कानानं उचलली. व्याकरण अजून लंगडं आहे, पण स्वयंपाकघरातल्या शिव्या पक्क्या. हे सबटायटल मी गोव्यात पेडण्याच्या आमच्या घरातल्या बायकांसाठी करतोय: बायको, मावशी आणि शेजारच्या दोघी.

४ डिसेंबर

फ्रेम रेटनं माती केली. वेळा लावण्यासाठी आधार म्हणून घेतलेली इंग्रजी फाइल सेकंदाला २५ फ्रेमची निघाली, माझी डिस्क २४ ची. सुरुवातीला काही कळत नाही, अर्धा सेकंद इकडंतिकडं. पण सिनेमा सव्वादोन तासांच्या वर आहे, शेवटाकडे फरक साडेपाच मिनिटांच्या आसपास जातो. मी दोन रात्री एकेक ओळ हातानं ओढत बसलो होतो. ‘सबटायटल एडिट’ या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलायची सोय आहे, एका क्लिकचं काम. आपल्यातल्या जुन्या लोकांना हे ठाऊक असणार, हसून घ्या.

१० डिसेंबर

अक्षरांचा हिशेब. एका ओळीत साधारण ४२ अक्षरं हा नियम रोमन लिपीसाठी ठीक. देवनागरीत सॉफ्टवेअर काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतं. ‘स्त्री’ हे डोळ्याला एक अक्षर, यंत्राला सहा. त्यामुळे ओळ लांब झाल्याची लाल खूण उगाच लागत राहते. मी ती बंद केली आणि टीव्हीसमोर बसून डोळ्यानं ठरवायला लागलो.

अक्षराचा रंग पांढराच ठेवला होता. पण जुलिएत्ताचं घर पांढरं, तिचे कपडे पांढरे, वर समुद्रावरचं ऊन, म्हणजे अर्धी वाक्यं चुन्याच्या भिंतीवर खडूनं लिहिल्यासारखी. आता जाड काळी किनार दिली आहे. पिवळा रंग करून पाहिला, पण शेजारीण सुझीच्या घरात पाऊल टाकलं की तिथं आधीच इतका रंग आहे की आपली पिवळी ओळ तिथल्या झालरीसारखी दिसते. पिएरो गेरार्दीला या सिनेमाच्या नेपथ्यासाठी आणि वेशभूषेसाठी, दोन्हींसाठी ऑस्कर नामांकन मिळालं होतं. एकेका टोपीवर कॅमेरा थांबतो तेव्हा वाटतं, इथं सबटायटल म्हणजे देवळाच्या कोरीवकामावर चिकटवलेलं पोस्टर. शक्य तिथं ओळ लवकर काढून घेतो.

१७ डिसेंबर

अहो की अरे?

इटालियनमध्ये जुलिएत्ता नवऱ्याला सरळ ‘तू’ म्हणते, त्यात विशेष काही नाही. मराठीत मात्र क्रियापदच चुगली करतं. ‘आलास?’ आणि ‘आलात?’ यांच्या मध्ये कुठं लपायला जागा नाही. मी सगळीकडे अहो घातलं होतं, कारण १९६५, कारण खाऊनपिऊन सुखी घर, कारण आमच्याकडे तेव्हाच्या बायका नवऱ्याचं नावसुद्धा घेत नसत.

पहिला प्रसंग दाखवला. लग्नाचा वाढदिवस आहे, ती विग बदलून बघते, कपडे बदलते, मेणबत्त्या लावते. सुरुवातीला तिचा चेहरा आपल्याला दिसतच नाही. मग नवरा येतो आणि सोबत मित्रांचं लटांबर घेऊन येतो. वाढदिवस विसरलेला. माझी बायको म्हणाली, “अहो काढा ते. अहो म्हणणाऱ्या बाईला फसवलं की लोक बिचारी म्हणतात आणि सुटतात. ही त्याला मित्र समजून चाललीय. मित्रानं दगा दिला ते वेगळं.” हे सांगताना तिनं मला ‘अहो’ म्हणूनच हाक मारली होती, पण मुद्दा बिनतोड.

मग मी शहाणपणा केला. ‘लात’ शोधा, ‘लास’ घाला, सगळीकडे एकदम. ‘आलात’चं ‘आलास’ झालं, ‘म्हणालात’चं ‘म्हणालास’. आणि ‘जंगलात’चं ‘जंगलास’, ‘महालात’चं ‘महालास’. वर गुप्तहेर, डॉक्टर, पाहुणे, सगळे परके लोक जुलिएत्ताला एकदम अगंतुगं करायला लागले. जुनी प्रत ठेवलेली नव्हती. पुढचे चार दिवस ते निस्तरण्यात गेले. प्रत ठेवा रे बाबांनो.

२८ डिसेंबर

मावशी प्रकरण. मावशी पंचाहत्तरीची. वाचता येतं, पण मनातल्या मनात नाही. पोथी वाचायची सवय, त्यामुळे पडद्यावर ओळ आली की ती मोठ्यानं वाचते, त्याच चालीत. शेजारच्या दोघींपैकी एकीचा चष्मा मोडलाय, तिला हे बरंच पडलं.

आता विचार करा. मध्यरात्र. नवरा झोपेत पुटपुटतो, “गाब्रिएल्ला.” जुलिएत्ता जागी. सिनेमातला पहिला खरा घाव हा, आणि तो जेमतेम ऐकू येतो. आमच्या ओसरीवर मावशीनं तो खणखणीत आवाजात जाहीर केला, “गाब्रिएल्ला!” तेही त्याच्या तोंडून बाहेर पडायच्या आधी, कारण मी ओळ पाव सेकंद लवकर टाकली होती. सगळ्या हसल्या. प्रसंग गेला.

तेव्हापासून दोन नियम केलेत. एक, पुटपुटणं पुटपुटण्यासारखंच लिहायचं: पहिल्यांदा नुसतं ‘गाब्...’, आणि ओळ ओठांच्या थोडी मागून येऊ द्यायची. पूर्ण नाव सकाळी, जेव्हा ती त्याला विचारते की ही कोण आणि तो कानावर हात ठेवतो. दोन, मावशीच्या वेगानं लिहायचं. आपण डोळ्यानं सेकंदाला पंधरा-सतरा अक्षरं वाचतो. मोठ्यानं वाचणाऱ्याला त्याच्या निम्मी धरा. त्यामुळे गर्दीच्या प्रसंगातली अर्धी बडबड मी गाळून टाकली. आधी अपराधी वाटलं. पण बघत गेलो तसं लक्षात आलं, त्या गर्दीत जुलिएत्तासुद्धा सगळं ऐकत नाहीये. आई, बहिणी, मैत्रिणी, बाबा-बुवा, जो तो तिला काहीतरी सांगत असतो, आणि ती आपली डोळे मिचकावत हसते. तिची स्वतःची वाक्यं छोटी आहेत. ती मात्र एकही गाळलेली नाही.

९ जानेवारी

शब्दांची खरेदी.

लहानपणीची आठवण आहे ना, ननांच्या शाळेतलं नाटक. छोट्या जुलिएत्ताला संत करून लोखंडी जाळीवर बांधतात, खोट्या ज्वाळा, वर ओढून घेतात, आणि आजोबा भर नाटकात उठून आरडाओरडा करून ते बंद पाडतात. इंग्रजीतलं ‘मार्टर’. हुतात्मा लिहिलं तर गोव्यात मुक्तिलढाच डोळ्यासमोर येतो, पत्रादेवीचं स्मारक आमच्यापासून लांब नाही. मराठी ख्रिस्ती लोकांचा स्वतःचा शब्द आहे, रक्तसाक्षी. जुना, जड, पण लहान पोरीच्या अंगावर हा शब्द घातल्यावर तो किती मोठा होतो ते दिसतं. तोच ठेवला. संताला ‘सांत’, ते इथं कुणाला समजवावं लागत नाही.

गुप्तहेर लिंक्सच्या नजरेचा आहे. लिंक्स म्हणजे तिकडचं रानमांजर, इथं कुणी पाहिलंय? घारीची नजर केलं. हा माणूस जुलिएत्ताला तिच्याच नवऱ्याचं चित्रण पडद्यावर दाखवतो, दुसरीबरोबर हिंडतानाचं. मावशी त्या वेळी वाचायची थांबली.

१८ जानेवारी

शीर्षक. इथं दीड महिना गेला आणि आज सुटलं असं वाटतंय.

‘स्पिरिती’. ‘आत्मे’ लिहिलं की पाटावर वाटी फिरवणारे लोक येतात. सिनेमात तसली बैठक आहे खरी, पण तो एक प्रसंग. ‘भुतं’ लिहिलं की हॉरर. शेजारणीनं ‘स्पिरिट’ ऐकून इंजेक्शनच्या आधी लावतात ते का, म्हणून विचारलं. मी देवचारावर अडून बसलो होतो, कारण गोव्यात अदृश्य सोबत म्हटली की देवचार. पण देवचार गावाचा. तो शीव राखतो, रात्री फिरतो, त्याला रोट आणि विडी ठेवावी लागते. जुलिएत्ताच्या भोवतीचे सगळे तिचे एकटीचे आहेत. प्रेमासाठी जीव दिलेली बालमैत्रीण, सर्कशीतल्या नाचणारीबरोबर पळालेले आजोबा, बैठकीत येणारी गोड बोलणारी इरिस आणि तिला टोचून बोलणारा ओलाफ. यांना गावाची शीव काय कामाची?

धालो, म्हणजे आमच्याकडचा बायकांचा रात्रीचा नाचगाण्याचा उत्सव, संपल्यावर मावशी मोकळी झाली. पौषात ती कुणाच्या हाती लागत नाही, रात्री मांडावर. तरुणपणी धालोत तिच्या अंगात रंभा यायची असं घरात सांगतात. ती स्वतः त्याबद्दल बोलत नाही. तिला मी बैठकीचा प्रसंग पुन्हा लावून दाखवला आणि विचारलं, याला काय म्हणशील? ती म्हणाली, “बाहेरचं.”

मग थोड्या वेळानं, सुपारी कातरता कातरता, “आणि त्याचंही बाहेरचंच.”

मी अडकित्त्याकडेच बघत राहिलो. खरंच की. बाईला झपाटलं तर आपण म्हणतो, हिला बाहेरचं लागलंय. नवऱ्याचं प्रकरण असेल तर म्हणतो, त्याचं बाहेर काहीतरी आहे. फेलिनीनं सव्वादोन तासांत जे दोन धागे एकत्र वळले, ते मराठीनं एकाच शब्दात आधीच बांधून ठेवलेत. गंमत अशी की जुलिएत्ताचं ‘बाहेरचं’ सगळं आतलंच आहे. इटालियनमध्ये हा खेळ नाही, तेव्हा हे भाषांतर नव्हे, चोरीच म्हणा हवं तर. शीर्षकाच्या पाटीखाली आता फक्त ‘बाहेरचं’.

आणि लगेच दुरुस्त्या सुरू. ‘बाहेर’ हा शब्द मी फाइलभर सैल हातानं वापरला होता, “बाहेर ऊन आहे”, “बाहेर ये”. शोधून शोधून सगळे काढले. अंगणात, समुद्रावर, दारापाशी, जे असेल ते नेमकं लिहिलं. शब्द शेवटासाठी राखून ठेवायचाय. (या वेळी ‘सगळीकडे बदला’ वापरलेलं नाही.)

२५ जानेवारी

शेवटची वीस मिनिटं, कच्चा मसुदा.

नवरा निघून जातो. घरात एकटी. सगळी दृश्यं एकदम अंगावर येतात, आमच्या दशावतारात पहाटे राक्षस पडदा फाडून येतो तशी. भिंतीत एक छोटं दार. आई म्हणते उघडायचं नाही. आणि जुलिएत्ता आईला सांगते की आता तुझी भीती वाटत नाही. दार आपोआप उघडतं, आत जाळीवर बांधलेली ती पोर. ही तिला सोडवते.

या वाक्यावर मी चार पर्याय केले होते. ‘तू मला आता घाबरवू शकत नाहीस’ हे इंग्रजीचं पिल्लू. ‘मी तुला भीत नाही’ हे भांडण. तिचा आवाज ऐका, भांडणाचा अजिबात नाही, तिलाच नवल वाटल्यासारखा आहे. शेवटी: ‘आता नाही वाटत तुझी भीती.’ मावशीच्या वेगातही बसतं. आईला मराठीत तू म्हणतातच, त्यामुळे इथं व्याकरणानं त्रास दिला नाही. सबंध फाइलीत एवढी एकच जागा.

मग फाटक, आणि पलीकडे पाईनचं बन. फ्रेजेनेचा किनारा आहे तो, रोमजवळचा; फेलिनीचं स्वतःचं घरही तिथं होतं. जहाज चिविताव्हेक्कियाला लागलेलं असताना एकदा सुट्टीत रोमच्या गाडीत बसून मी माक्कारेसे-फ्रेजेनेला उतरलो होतो. झाडांची खोडं उंच आणि उघडी, वर छत्र्या. केरीच्या सुरूच्या बनात उभं राहून वर बघितलं तर थोडं तसं वाटतं, फक्त सुरू जास्त बोलतो.

ती फाटकातून जाते तिथं मला एक तरी ‘बाहेर’ हवा होता. पण तिथं ती तो शब्द म्हणत नाही. कानात येणारे आवाज आहेत, त्यांच्या ओळीत तो घुसवला तर त्यांचं वाक्य माझं होतं. दोन दिवस ठेवून पाहिला, काल काढून टाकला. शीर्षकात आहे तेवढा पुरे. तेव्हा ती पाटी सोडली तर फाइलीत ‘बाहेर’ आता एकदाही नाही.

काल रात्री ओसरीवर शेवटापर्यंत लावून पाहिलं. ओळी संपल्यावर वाचायला काही उरलं नाही, मावशी गप्प. पडदा काळा झाल्यावर तिनं एवढंच विचारलं, “फाटक लावून घेतलं काय तिनं?”

मी काहीतरी ठोकून दिलं. उद्या फ्रेम मागंपुढं करून पाहतो. बाकी राहिलेलं: ओलाफच्या ओळी अजून मवाळ वाटतात, आणि जुन्या टीव्हीवर रफार एक अक्षर पुढं सरकतोय. त्यावर कुणाकडे उपाय असेल तर सांगा, नाहीतर सगळं चित्रावरच छापून टाकणार.