शॉर्टकटमागचा चोर सापडला (मोठेबाबांचा डेस्कटॉप, पुढचा भाग)

राजेहो, सापडला! मोठेबाबांच्या कॉम्प्युटरवर क्रोमचा आयकॉन दाबला की ते लॉटरीच्या जाहिरातीवालं सर्च पान उघडायचं ना, ते बंद झालं, आणि या वेळी खरंच बंद झालं कारण मूळच हातात आलं.

आधीचे अपडेट वाचलेल्यांना माहीत आहे, ॲडवक्लीनर (जाहिराती घुसवणारं सॉफ्टवेअर म्हणजे ॲडवेअर काढायचं टूल) चालवून झालं, डिफेंडरचा (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) ऑफलाइन स्कॅन झाला, फालतू एक्स्टेंशन उडवली, क्रोममध्ये 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' असं येत होतं त्याची पॉलिसीची नोंदसुद्धा रजिस्ट्रीतून (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) काढली. (ती निघाल्यावर सर्च इंजिनची सेटिंग बदलता आली, तेव्हा लय बरं वाटलं.) पण शॉर्टकट काही सुधरेना. प्रॉपर्टीजमध्ये टार्गेट बघा, क्रोम डॉट ईएक्सईच्या अवतरण चिन्हानंतर एक स्पेस आणि पुढे तो पत्ता डकवलेला. पुसला, अप्लाय केलं, ब्राउझर स्वच्छ. चहा पिऊन येईपर्यंत परत जसंच्या तसं, एज आणि फायरफॉक्सच्या आयकॉनलाही तेच. मोठीआई येता-जाता विचारणार, "काहून रे, अजून तेच पान येऊन रायलं?"

प्रोग्राम आपोआप सुरू होतात त्या सगळ्या जागा पाहिल्या, टास्क शेड्युलर ओळ न ओळ तपासला, स्टार्टअप, रन कीज, सर्व्हिसेस, कुठंच काही नाही. तालुक्याच्या एका दुकानदाराचं म्हणणं होतं फॉरमॅट मारा. मला ते पटत नाही, कारण शिरला कुठून तेच नाही कळलं तर फॉरमॅटनंतर पुन्हा शिरणारच, आणि वर तो क्रॅकवालं विंडोज टाकून देणार, म्हणजे एक काढलं अन् दुसरं घेतलं.

मग ठरवलं की चोराला शोधण्यापेक्षा चोरी होताना बघायची. प्रोसेस मॉनिटर लावला (कोणता प्रोग्राम कोणत्या फाइलला हात लावतो ते दाखवणारं टूल), फिल्टरमध्ये दोनच अटी, पाथ डॉट एलएनकेनं (शॉर्टकटच्या फाइलचं शेपूट) संपणारा आणि ऑपरेशन राइटफाइल, म्हणजे फाइलमध्ये लिहिणं. मशीन ४ जीबी रॅमवालं आहे, त्यामुळे 'ड्रॉप फिल्टर्ड इव्हेंट्स' चालू करायचंच, नाहीतर लॉग फुगून सगळं गुदमरतं. शॉर्टकट साफ केले आणि बसलो. मधे लाइट जाते की काय ही धाकधूक होती, संध्याकाळी आमच्या वरूडकडे लाइटचा भरवसा नाही, पण टिकली. आणि मग एकदम सटासट ओळी पडल्या, डेस्कटॉपचा शॉर्टकट, स्टार्ट मेनूचा, टास्कबारला पिन केलेला, सगळे एका दमात, आणि लिहिणारी प्रोसेस होती एससीआरसीओएनएस डॉट ईएक्सई!

ही फाइल विंडोजचीच आहे, सिस्टिम३२ मधल्या डब्ल्यूबीईएम फोल्डरमधली, मायक्रोसॉफ्टची सही असलेली. म्हणून स्कॅनरला तिचा संशय येत नाही. तिचं काम एवढंच की डब्ल्यूएमआयमध्ये (विंडोजची स्वतःवर नजर ठेवायची आतली यंत्रणा) कोणी स्क्रिप्ट ठेवली असेल तर ती चालवायची. ऑटोरन्स (आपोआप सुरू होणाऱ्या सगळ्याची यादी दाखवणारं टूल) उघडून डब्ल्यूएमआयच्या टॅबवर गेलो तर बसलेलाच होता तिथं. गुलाबी बोंडअळी लागली की बोंड बाहेरून हिरवंगारच दिसतं, फोडल्याशिवाय कळत नाही, तसलं प्रकरण.

डब्ल्यूएमआयच्या रूट-सबस्क्रिप्शन नावाच्या कप्प्यात याचे तीन तुकडे असतात. फिल्टर, म्हणजे कधी उठायचं. कन्झ्युमर, म्हणजे उठून काय करायचं, इथं अख्खी व्हीबीस्क्रिप्ट होती, तिच्यात ब्राउझरच्या नावांची लांबलचक यादी आणि शेवटी तो पत्ता. आणि बाइंडिंग, म्हणजे या दोघांची गाठ. वेगळी फाइल नाहीच, सगळं डब्ल्यूएमआयच्या रिपॉझिटरीत, म्हणजे त्याच्या स्वतःच्या साठ्यात, मग फोल्डर शोधून काय मिळणार! स्क्रिप्ट आधी टेक्स्ट फाइलमध्ये कॉपी करून ठेवली, मग ॲडमिन पॉवरशेलमधून (कमांड टाइप करायची विंडोजची खिडकी) पहिले बाइंडिंग उडवलं, मग कन्झ्युमर, मग फिल्टर. एक सांगून ठेवतो, तिथं 'एससीएम इव्हेंट लॉग' नावाचं फिल्टर आणि कन्झ्युमर दिसेल, ते विंडोजचं स्वतःचं आहे, त्याला हात लावू नका.

रीस्टार्ट करून शॉर्टकट साफ केले, दिवसभर मशीन चालू ठेवलं, टार्गेट जागचं हललं नाही.

टूल्सबद्दल माझं मत पक्कं झालं आहे. प्रोसेस मॉनिटर, ऑटोरन्स ही मार्क रुसिनोविचच्या सिसइंटर्नल्सची टूल्स २००६ पासून मायक्रोसॉफ्टकडे आहेत, अजूनही फुकट आहेत, आणि साइजला इतकी लहान की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोड केली तरी दिवसाचा डेटा संपत नाही. त्या 'एका क्लिकमध्ये पीसी फास्ट' वाल्या क्लीनरांचा शून्य उपयोग, उलट त्यातलेच कितीतरी स्वतः ॲडवेअर आणतात.

शिरलं कुठून? डाउनलोड्स फोल्डरमध्ये तारखा लावल्या. मोठेबाबांची धाकटी मराठी टायपिंगच्या ३० च्या (मिनिटाला ३० शब्द) परीक्षेची तयारी करते, त्यासाठी कृतिदेव टू युनिकोड कन्व्हर्टरचा (जुन्या कृतिदेव फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा) इन्स्टॉलर कुठल्याशा फुकट साइटवरून घेतला होता, आणि शॉर्टकटची पहिली गडबड त्याच दिवशीची. पोरीचा काय दोष, पानावर खरी लिंक बारकी आणि जाहिरातीचं हिरवं डाउनलोड बटण हातभर. इन्स्टॉलर व्हायरसटोटलवर (एकच फाइल अनेक अँटीव्हायरसकडून तपासून देणारी साइट) टाकला तर बऱ्याच इंजिनांनी लाल दाखवला. डिफेंडरचं 'पोटेन्शियली अनवॉन्टेड ॲप' ब्लॉकिंग बंद होतं, ते चालू केलं. ही सेटिंग २०२० च्या मे अपडेटपासून विंडोज १० मध्ये आहे, आज घरी जाऊन बघाच.

पुढचा प्लॅन विंडोज काढून लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचा होता. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि या जुन्या प्रोसेसरवर ११ नियमानं बसत नाही. पण पोरीचं टायपिंगचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, परीक्षेपर्यंत ते हलवणं बरोबर नाही. आणि हे टाइप करता करता लक्षात आलं की असलं डब्ल्यूएमआय सबस्क्रिप्शन बसवायला ॲडमिनचे हक्क लागतात, आणि त्या घरात सगळे एकाच ॲडमिन अकाउंटवर बसतात! म्हणजे पहिले मोठीआई आणि पोरीसाठी स्टँडर्ड अकाउंट, ॲडमिनचा पासवर्ड मोठेबाबांकडे, आणि एक वर्षाच्या वाढीव सिक्युरिटी अपडेटला मशीन जोडायचं. मिंट परीक्षेनंतर. ब्राउझर मात्र फायरफॉक्सच, कारण जाहिराती अडवणारं जुनं यूब्लॉक ओरिजिन एक्स्टेंशन क्रोमनं बंद केलं, त्याच्या 'लाइट' आवृत्तीवर माझं मन भरत नाही.

या रविवारी अकाउंटचं काम करतो. तोवर कोणाकडे कृतिदेवचा इन्स्टॉल न करता ब्राउझरमध्येच ऑफलाइन चालणारा साफ कन्व्हर्टर असेल तर सांगा, पोरीला रोज लागतो.