सफोकमधले जुने घर, चुन्याचा गिलावा आणि वाया गेलेले अकरा आठवडे

‘आपला अर्ज अपूर्ण असल्यामुळे नोंदवून घेता येत नाही’ या आशयाचे पत्र मला स्थानिक कौन्सिलकडून २०२३ च्या उन्हाळ्यात तीन वेळा आले, आणि तिन्ही वेळा कारण निराळे होते. आमच्या घराच्या मागच्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा काढून तेथे पूर्वीसारखा चुन्याचा गिलावा करणे आणि कुजलेली एक खिडकी बदलणे एवढेच काम होते. त्यासाठीचा अर्ज पहिल्यांदा पाठविल्यापासून तो नोंदला जाईपर्यंत अकरा आठवडे गेले. ती चीड अजून पुरती गेलेली नाही. इंग्लंडमध्ये जुने घर घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या मराठी माणसांना उपयोग व्हावा म्हणून सारे लिहून काढते आहे.

आमचे घर पूर्व इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातल्या एका लहान गावात आहे. लोकरीच्या व्यापारावर श्रीमंत झालेले आणि आज तीनशेहून अधिक संरक्षित इमारतींसाठी ओळखले जाणारे लॅव्हनम गाव येथून फार दूर नाही. या भागातली जुनी घरे दगडी नसतात. ओकच्या जाड वाशांचा सांगाडा उभा करायचा, मधल्या जागांत हेझल नावाच्या झुडपाच्या काठ्या विणायच्या आणि त्यावर माती, चिरलेला पेंढा आणि शेण यांचा काला थापायचा, अशी ती पद्धत. घर बघायला गेलो त्या दिवशी पोटमाळ्यावर एका ठिकाणी गिलावा उडालेला होता आणि आतल्या काठ्या दिसत होत्या. गुहागरजवळच्या माझ्या आजोळी पडवी आणि गोठा कुडाचा होता. कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेली ती भिंत मी लहानपणी दर वर्षी हाताने सारवली आहे. त्यामुळे इतक्या दूर पुन्हा कूडच समोर आल्यावर मला त्या घराविषयी जो जिव्हाळा वाटला, तो सर्वेक्षकाचा अहवाल वाचूनही कमी झाला नाही.

अहवालात लिहिले होते ते खरेच गंभीर होते. अशा भिंतीला ओल बाहेर टाकता आली पाहिजे. चुना ते होऊ देतो, सिमेंट होऊ देत नाही. सिमेंटला बारीक तडा गेला की पावसाचे पाणी आत शिरते, तेथेच अडकते आणि आतला ओक कुजू लागतो. मागच्या भिंतीच्या तळाशी असलेल्या आडव्या तुळईत पेन्सिल सहज रुतत होती.

घर संरक्षित इमारतींच्या यादीत दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे ग्रेड टू म्हणून नोंदलेले आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय वारसा यादीत सुमारे ४ लाख नोंदी आहेत आणि त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक याच श्रेणीतल्या आहेत. या यादीचा पाया १९४७ च्या नगररचना कायद्याने घातला गेला आणि आज १९९० चा स्वतंत्र कायदा लागू आहे. नोंद झालेल्या इमारतीचे स्वरूप बदलणारे कोणतेही काम परवानगीशिवाय केले तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. नोंदीत ज्याचा उल्लेख नाही तो भाग मोकळा, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. आतली, बाहेरची, पुढची, मागची अशी सगळी इमारत संरक्षित असते आणि आवारातल्या १ जुलै १९४८ पूर्वीच्या जोडबांधकामांनाही बहुधा तेच लागू होते.

आमच्या घराची नोंद तीन वाक्यांची आहे. पुढच्या बाजूच्या खिडक्या, कौले, धुराडे, आणि शेवटी ‘आतील भाग पाहिलेला नाही’. असे का, याची एक हकिगत आहे. १९८० च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या ग्रेट वेस्ट रोडवरचा फायरस्टोनचा कारखाना, त्याला संरक्षण मिळणार अशी चिन्हे असतानाच, सुट्टीच्या दिवसांत पाडला गेला. त्यावर झालेल्या गदारोळानंतर देशभरातल्या इमारतींची वेगाने फेरपाहणी झाली आणि हजारो घरे थोडक्या काळात यादीत आली. इतक्या वेगात एकेका घरात शिरून पाहणे शक्य नव्हते, हे मला मान्य आहे. मात्र ज्या घराविषयी सरकारी दप्तरात तीनच वाक्ये आहेत, त्याच्या मागच्या भिंतीचे ऐतिहासिक महत्त्व सप्रमाण सिद्ध करा, असे घरमालकाला सांगितले जाते, तेव्हा तो पुरावा कोठून आणायचा हे कोणी सांगत नाही.

अर्जाला शुल्क नसते आणि तो ऑनलाइन भरता येतो. मी मेच्या मध्यावर पाठविला. पहिल्यांदा परत आला तो नकाशामुळे: १:१२५० प्रमाणाच्या नकाशावर घराभोवती काढायची लाल रेघ सार्वजनिक रस्त्यापर्यंत पोहोचली पाहिजे, आणि माझी फाटकापाशीच थांबली होती. ती चूक माझी होती. रेघ पाच मिनिटांत दुरुस्त झाली, पण ते पत्र यायलाच अडीच आठवडे लागले होते आणि दुरुस्त अर्ज पुन्हा रांगेच्या शेवटी गेला. दुसऱ्यांदा परत आला तो हेरिटेज स्टेटमेंटमुळे. इमारतीत महत्त्वाचे काय आहे आणि आपल्या कामाने त्याला काय होणार आहे, हे सांगणारे ते निवेदन. मी एक पान लिहिले होते. ते ‘अपुरे’ ठरले. किती लिहिले म्हणजे पुरेल, हे पत्रात नव्हते. तिसऱ्या वेळी निवेदन चालले, पण खिडकी मूळची आहे असे गृहीत धरून ती बदलण्याचे समर्थन मागितले गेले.

खरा अडथळा वेगळाच होता आणि तो ध्यानात यायला मला महिना लागला. अर्ज नोंदला गेल्याशिवाय त्याला अधिकारी नेमला जात नाही, आणि अधिकारी नेमल्याशिवाय नोंदणीसाठी नेमके काय हवे हे विचारायला माणूस नसतो. मी फोन केले. उचलणाऱ्यांनी प्रत्येक वेळी सौजन्याने सांगितले की अर्ज अजून कोणाकडेही सोपविलेला नाही, तेव्हा पत्रात लिहिलेल्या बाबी पूर्ण कराव्यात. पत्रातल्या बाबींचा अर्थ विचारायलाच तर मी फोन केला होता! दर वेळी पत्रावर नाव निराळे असे आणि आधीच्या पत्रव्यवहाराचा त्यात मागमूस नसे. राष्ट्रीय नियोजन धोरणात स्पष्ट म्हटले आहे की मागितलेला तपशील इमारतीच्या महत्त्वाच्या प्रमाणात असावा आणि कामाचा परिणाम कळण्यापुरताच असावा. हे वाक्य मी तिसऱ्या वेळी निवेदनाच्या पहिल्याच परिच्छेदात घातले. तुम्हीही घाला. त्याचा उपयोग झाला असे मला वाटते, कारण त्यानंतर निवेदनाच्या लांबीबद्दल कोणी काही म्हटले नाही.

आणि हा वेळ वाया घालविण्यासारखा नव्हता, म्हणून राग अधिक. चुन्याचा गिलावा पुरता घट्ट होण्याआधी गोठला तर तो सुटून पडतो. त्यामुळे येथे हे काम साधारण वसंतापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच करतात. मी सप्टेंबरसाठी कारागीर ठरवून ठेवला होता. जुलै सरत आला तरी अर्ज नोंदलेला नव्हता आणि पावसाच्या प्रत्येक सरीबरोबर तळाची तुळई आणखी थोडी पाणी पीत होती.

वाट सुटली ती शेजारच्या आजीबाईंमुळे. त्या तेव्हा ८८ वर्षांच्या होत्या आणि जन्मापासून याच आळीत राहिलेल्या. खिडकीविषयी त्यांना विचारले तर आधी ‘काही आठवत नाही’ म्हणाल्या. मग मी विचारले, ‘आमच्या घरात पूर्वी पाव भाजत असत ना, मग तो कोठून विकत असत?’ त्याबरोबर त्यांचा हात आपोआप आमच्या मागच्या अंगणाकडे गेला. तेथे खिडकी नव्हतीच, म्हणाल्या. फळ्यांची अर्धी उघडणारी झडप होती आणि खाली रुंद उंबरठा, त्यावर पाव मांडलेले असत. रविवारी पाव भाजून झाल्यावर भट्टी गरम असे, म्हणून गावातल्या बायका आपापले मांस आणि बटाटे पत्र्याच्या ताटलीत घालून त्या झडपेतून आत देत, नंबराचा बिल्ला घेत आणि चर्चमधून परतताना तयार जेवण घेऊन जात. १९६२-६३ च्या भयंकर हिवाळ्यात बर्फ महिनोन्‌महिने वितळले नाही, तेव्हा मागच्या भिंतीचा गिलावा सुटून पडला आणि त्या वसंतात तेथे सिमेंट आले. खिडकी त्याच वेळची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बिस्किटांच्या डब्यातून एक छायाचित्र काढून दिले. तळहातापेक्षा लहान, पांढऱ्या कंगोरेदार कडांचे. २ जून १९५३ चा, राणीच्या राज्याभिषेकाचा दिवस. त्या दिवशी पाऊस आणि थंडी होती आणि चित्रातल्या बायका जूनमध्ये कोट घालून टेबलांशी उभ्या आहेत. त्यांच्या मागे आमची भिंत, चुन्याने पांढरीशुभ्र, आणि भिंगातून पाहिले की उजव्या कडेला फळ्यांची झडप. खिडकी नाही.

हे छायाचित्र मोठे करून निवेदनाला जोडले. आजीबाईंचे सांगणे त्यांच्या परवानगीने फोनवर ध्वनिमुद्रित करून, लिहून काढून, त्यांना वाचून दाखवून त्यांची सही घेतली. माणसांना सन विचारू नका. कोणती वस्तू कोठे होती, कोणत्या दारातून आत जात असत, हे विचारा. सन नंतर कागदपत्रांतून जुळतो. तसा तो जुळवायला मी इप्सविचच्या ‘द होल्ड’ या अभिलेखागारात दोन दिवस बसले. १८३६ च्या कायद्यानंतर धर्मपट्टीच्या, म्हणजे चर्चला द्याव्या लागणाऱ्या दशांशाच्या, आकारणीसाठी गावोगावचे जे नकाशे झाले, त्यांत प्रत्येक जागेचा क्रमांक, मालक आणि राहणारा यांची नोंद असते, आणि आमच्या क्रमांकापुढे घर व भट्टीघर असे लिहिलेले सापडले. तेथे फक्त पेन्सिल वापरता येते आणि पिशवी बाहेर ठेवावी लागते. १९३९ च्या सप्टेंबरात युद्ध सुरू होताच केलेली नागरिकांची नोंदवही ऑनलाइन पाहता येते. तीही पाहा, त्यात प्रत्येकाचा व्यवसाय दिलेला आहे.

ऑगस्ट उजाडताना अर्ज नोंदला गेला. पुढचे सगळे सरळ झाले: आठ आठवड्यांची मुदत, दिव्याच्या खांबावर सूचना, जतन अधिकाऱ्यांची एक भेट. त्या चाळीस मिनिटे थांबल्या, भिंतीला हात लावून पाहिला आणि छायाचित्र पाहिल्यावर खिडकीचा प्रश्न तेथेच मिटला. या बाई मला मेमध्ये भेटल्या असत्या तर सप्टेंबरात काम झाले असते.

परवानगी तीन वर्षांसाठी होती आणि अट अशी की आधी एक मीटर चौरसाचा नमुना करून दाखवावा. ती अट पुरी करायलाही वेगळा अर्ज लागतो, हे हिशेबात धरा. खर्च मांडताना २० टक्के व्हॅट धरायला विसरू नका. संरक्षित घरातल्या मंजूर फेरबदलांना पूर्वी जी सूट होती ती १ ऑक्टोबर २०१२ पासून राहिलेली नाही. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये स्थापन केलेली प्राचीन इमारतींच्या रक्षणाची संस्था दूरध्वनीवर मोफत तांत्रिक सल्ला देते. आणि घर विकत घेण्यापूर्वीच हे विचारून घ्या, जे मी सर्वांत आधी सांगायला हवे होते: आधीच्या मालकाने परवानगीशिवाय काही बदलले असेल, तर ते पूर्ववत करण्याचा आदेश नव्या मालकावर निघू शकतो.

काम शेवटी एप्रिल २०२४ मध्ये झाले. कारागिराने चुन्यात बोकडाचे केस मिसळले, तीन थर दिले आणि ऊन लागू नये म्हणून भिंतीवर ओले गोणपाट टांगले. सिमेंट फोडताना खिडकीच्या खाली, चार बोटांवर, ओकचा जुना उंबरठा निघाला, मध्यभागी झिजून खोलगट झालेला. त्याचे छायाचित्र मी कौन्सिलला पाठविले. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा यादी सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या यादीतल्या नोंदींना लोकांना आपली छायाचित्रे आणि आठवणी जोडता येतात. तेथेही ते जोडले. रस्त्यावरून पाहून लिहिलेल्या त्या तीन वाक्यांबरोबर आता १९५३ चे छायाचित्र आहे, झिजलेला उंबरठा आहे आणि आजीबाईंनी लिहायला सांगितलेली ओळ आहे: ‘रविवारी आमच्या ताटलीचा नंबर १७ असे.’