एकाच मंडईत, पुन्हा पुन्हा: स्ट्रीट फोटोग्राफीचा सराव

स्ट्रीट फोटोग्राफी, म्हणजे रस्त्यावरच्या रोजच्या जीवनाची छायाचित्रे काढणे, सुधारावी कशी, असे नव्याने कॅमेरा घेतलेले अनेकजण विचारतात आणि उत्तरात एखाद्या लेन्सचे नाव येईल अशी बहुतेकांची अपेक्षा असते. माझ्या उत्तरात मात्र एका जागेचे नाव असते. पुण्यात राहणाऱ्यांना मी महात्मा फुले मंडईचा परिसर सुचवते आणि काही महिने दुसरीकडे कुठेही जाऊ नका, असा आग्रह धरते. शहरभर भटकणाऱ्याला दर वेळी नवे दृश्य मिळते. त्यामुळे छायाचित्र चांगले आले तरी ते दृश्याच्या जोरावर आले की आपल्या नजरेच्या, हे त्याला उमगत नाही. एकाच जागी वारंवार जाणाऱ्याची नवलाई लवकर ओसरते. तिथल्या भिंती, खांब, ताडपत्र्या पाठ होतात आणि मग लक्ष आपोआप प्रकाशाकडे, माणसांच्या हालचालींकडे आणि चौकटीच्या कडांकडे वळते. खरे शिक्षण तिथून सुरू होते.

प्रकाशापासून सुरुवात करावी. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. आकाश निरभ्र असेल तर माणसांची छायाचित्रे काढायला हा प्रकाश फार कठीण असतो, कारण डोळ्यांच्या खोबण्या काळवंडतात, कपाळ आणि नाक पांढरे पडते आणि जमिनीवर सावलीचा आधारही उरत नाही. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांपर्यंतच चढतो, म्हणजे थंडीत जवळजवळ दिवसभर तिरपे ऊन मिळते. शिकायला आरंभ करायचा असेल तर दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने निवडावेत.

रस्त्याची दिशाही तितकीच महत्त्वाची आहे. मंडईजवळचा बाजीराव रस्ता साधारणपणे उत्तर-दक्षिण जातो. सकाळी त्याची पश्चिमेकडची बाजू उजळलेली आणि पूर्वेकडची इमारतींच्या सावलीत असते, संध्याकाळी नेमके उलटे. लक्ष्मी रस्ता ढोबळमानाने पूर्व-पश्चिम असल्यामुळे मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास सकाळ-संध्याकाळचे ऊन रस्त्याच्या लांबीने येते. त्या वेळी सूर्याकडे तोंड करून उभे राहिले की समोरून येणाऱ्यांच्या कडा उजळतात आणि पाठीवर सूर्य घेतला की त्यांचे चेहरे स्पष्ट दिसतात. एकच रस्ता, एकच तास, पण आपण कुठे तोंड केले यावर दोन निराळी छायाचित्रे होतात. हे वाचून कळते, पण अंगवळणी पडायला तोच रस्ता अनेक ऋतूंत पाहावा लागतो.

दुसरा विषय अंतराचा. लांब पल्ल्याची झूम लेन्स लावून पलीकडच्या फुटपाथवरून चेहरे टिपण्याची सवय मला मनापासून नापसंत आहे. त्यात माणूस त्याच्या परिसरातून कापून काढला जातो आणि पाहणाऱ्याला आपण त्या गर्दीत उभे आहोत असे कधीच वाटत नाही. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिलिमीटरची साधी लेन्स या कामाला पुरेशी आहे. ती १८ मिलिमीटरवर, म्हणजे सर्वांत रुंद दृश्यावर, आणि अॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र) एफ/८ वर ठेवून फोकस दोन मीटरवर कायम केला, तर एपीएस-सी, म्हणजे मध्यम आकाराचा, सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) असलेल्या कॅमेऱ्यात सुमारे एक मीटरपासून अनंतापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. या लेन्सवर अंतराचे आकडे बहुधा नसतात. म्हणून दोन मीटरवरच्या एखाद्या खांबावर ऑटोफोकस करावा, मग फोकस मॅन्युअलवर टाकावा आणि झूमच्या रिंगला हात लावू नये. आता कॅमेरा फोकस शोधत थांबत नाही आणि गर्दीत हाच क्षणभराचा विलंब महाग पडतो. चालणाऱ्या माणसासाठी शटरचा वेग, म्हणजे शटर उघडे राहण्याचा काळ, निदान १/२५० सेकंद असावा, अगदी जवळून आडवा जाणाऱ्यासाठी १/५०० किंवा त्याहून जास्त. लख्ख उन्हात एफ/८ आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता; ती वाढवली की छायाचित्र दाणेदार होते) ४०० वर १/१६०० पर्यंत वेग सहज मिळतो. सावलीत तो १/२०० च्या आसपास घसरतो, म्हणून तिथे आयएसओ वाढवावा. दाणेदार छायाचित्र चालते, पण नको तिथे हललेले चालत नाही. मोबाइलच्या लहान सेन्सरमुळे फोकसची ही चिंता पुष्कळ कमी होते. पडद्यावर बोट दाबून धरून एक्स्पोजर (छायाचित्र किती उजळ यावे ते) कायम करायची सवय मात्र लावून घ्यावी.

मंडईच्या जुन्या इमारतीत शिरल्यावर ही गणिते बदलतात. १८८६ साली रे मार्केट या नावाने खुली झालेली ही दगडी, अष्टकोनी वास्तू आतून काळोखी आहे. वरून आणि दारांतून ऊन झोताने आत येते आणि उंच गाळ्यांवर बसलेल्या विक्रेत्यांवर दिव्यांचा वेगळा उजेड असतो. कॅमेरा इथे सरासरी काढतो, त्यामुळे काळोख राखाडी होतो आणि उन्हाचा झोत जळून जातो. एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे प्रकाश निम्मा) खाली आणून उजळ भाग सांभाळावा आणि बाकीचे काळे राहू द्यावे. भाजीच्या ढिगाऱ्यांमागे पसरलेला तो अंधारच इथल्या छायाचित्रांना खोली देतो. रंग नीट जमत नाहीत म्हणून असे छायाचित्र कृष्णधवल करण्याचा मोह अनेकांना होतो. मंडईत रंग हाच अर्धा आशय असल्यामुळे मी तो सल्ला देत नाही.

आता थांबण्याविषयी, कारण याहून मोठे कौशल्य मला ठाऊक नाही. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे फ्रान्समधल्या इएर या गावी १९३२ साली काढलेले छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल: खाली वळत जाणारा जिना, त्याचे कठडे आणि पलीकडच्या गल्लीतून वेगाने जाणारा सायकलस्वार. सायकलस्वार क्षणाचा आहे. जिना, कठडे आणि गल्लीचे वळण कायमचे आहे. म्हणून अशी पार्श्वभूमी आधी शोधावी, चौकट बांधावी आणि योग्य माणूस योग्य जागी येईपर्यंत तिथून हलू नये. मंडईच्या दगडी कमानीसमोर उभे राहिले की हमाल, फुलवाल्या, शाळेची मुले, तुळशीबागेकडे निघालेली कुटुंबे सतत पुढून जातात. यातली बहुतेक येजा निरुपयोगी असते, कारण दोन आकृत्या एकमेकींवर चढतात किंवा डोक्यातून खांब उगवतो. आकृत्यांमध्ये मोकळी जागा राहते आहे का, एवढेच पाहत राहिले तरी छायाचित्रांत लवकर फरक पडतो.

हालचाल गोठवणे हा एकच मार्ग आहे असेही नाही. भारतीय छायाचित्रकार रघू राय यांच्या १९९५ च्या मुंबईतील चर्चगेट स्थानकातल्या छायाचित्रात घाईने जाणारी गर्दी धुक्यासारखी विरघळली आहे आणि मधोमध वर्तमानपत्र वाचत बसलेली माणसे स्थिर आहेत. संध्याकाळी दिवे लागल्यावर कॅमेरा एखाद्या कठड्यावर टेकवून १/४ सेकंदाच्या आसपास हा प्रयोग मंडईतही करता येतो; गिऱ्हाइकांची रीघ हलते आणि तराजूमागचा विक्रेता जागचा हलत नाही.

एकाच जागी जाण्याचा आणखी एक लाभ म्हणजे ओळख. “मावशी, एक फोटो काढू का?” असे विचारून नकार आला तर तो तत्काळ मानावा. न विचारता काढलेल्या छायाचित्रावर कुणी हरकत घेतली, तर ते दाखवून त्यांच्यासमोर पुसून टाकावे. वाद घालू नये. पुढच्या खेपेला छापील प्रत नेऊन दिली की गाळ्यावरची माणसे आपल्याला विसरून कामाला लागतात आणि तेव्हाच त्यांचे सहज हावभाव मिळतात. फुटपाथवर झोपलेली, व्यसनाने कोसळलेली किंवा भीक मागणारी माणसे मी टाळते. त्यांना नाही म्हणण्याची संधी नसते आणि अशा छायाचित्राचा परिणाम छायाचित्रकाराच्या कसबापेक्षा त्यांच्या दुःखातून आलेला असतो. विसर्जन मिरवणुकीचेही थोडे असेच आहे. मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून ती निघते तेव्हा ढोल, ध्वज आणि गुलाल हे सारे आयतेच असते. तो दिवस जरूर अनुभवावा, पण सरावासाठी मंगळवारची सामान्य दुपार बरी.

निवड काढलेल्या दिवशी करू नये. अमेरिकन छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड हे फिल्मचे रोल धुण्याआधी मुद्दाम दीर्घ काळ जाऊ देत, म्हणजे छायाचित्र घेतानाची मनःस्थिती पुसली जाई. १९८४ मध्ये ते वारले तेव्हा न धुतलेले सुमारे २,५०० रोल मागे राहिले. इतके टोक गाठायची गरज नाही, परंतु महिनाभर थांबून पाहिल्यावर ‘हे मिळवायला किती वेळ उभे राहावे लागले’ ही आठवण निवडीच्या आड येत नाही. त्या वेळी छायाचित्रे लहान आकारात, एकमेकांशेजारी मांडून पाहावीत. मांडणी कच्ची असेल तर ती लहान आकारात लगेच उघडी पडते. नाकारलेली छायाचित्रे मात्र तारीख आणि जागा लिहून जपून ठेवावीत. भुयारी मेट्रोच्या स्थानकामुळे मंडईचा परिसर बराच बदलला आहे आणि त्याआधीची अगदी साधी, कधीकाळी बाजूला काढलेली छायाचित्रेही आता पुन्हा काढता येणार नाहीत.