‘गोल्ड’पासून सुरू करू नकोस

परवा भाचीचा मेसेज आला, “मामा, ॲबा ऐकायचंय. कुठून सुरू करू?”

हातातला चहा तसाच ठेवला. ॲबा म्हणजे स्वीडनचा चौघांचा पॉप गट. आमच्या घरात त्यांच्याबद्दल हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. वडील तर माझ्या कॅसेटकडे बघून दर वेळी म्हणायचे, “कुठले आबा?” त्यांच्या ओळखीत तीन आबा होते आणि त्यातला एकही गात नव्हता. तशी या नावाची पंचाईत स्वीडनमध्येही झालीच होती. आग्नेथा, ब्योर्न, बेनी आणि आनी-फ्रीद (म्हणजे फ्रीदा) या चौघांची आद्याक्षरं छान जुळली, पण ॲबा नावाची हेरिंग मासे डबाबंद करून विकणारी कंपनी तिथं आधीपासून होती. शेवटी मासेवाल्यांना विचारून नाव ठेवावं लागलं.

भाचीला मी लिहिलं : कुठूनही कर, ‘गोल्ड’पासून करू नकोस.

हे मी स्वतःच्या अनुभवानं सांगतोय. १९९२ साली हा निवडक गाण्यांचा संच आला आणि जगभरातल्या माझ्यासारख्या अनेकांना ॲबा त्यातूनच भेटले. एकोणीस गाणी, एकही पडेल नाही. पण त्यांचा क्रम बघा. ६ एप्रिल १९७४ ला इंग्लंडमधल्या ब्रायटनला ज्या ‘वॉटर्लू’नं युरोव्हिजन स्पर्धा जिंकून त्यांची गोष्ट सुरू झाली, ते गाणं सगळ्यात शेवटी. मधे घटस्फोटाचं गाणं, मग नाचाचं, मग पुन्हा रडण्याचं. लग्नाच्या अल्बममधले फोटो सोडवून, पत्त्यांसारखे पिसून परत चिकटवावेत तसं. आणि इथं तर लग्नं दोन होती, आग्नेथा-ब्योर्नचं आणि फ्रीदा-बेनीचं. दोन्ही त्या सात-आठ वर्षांत मोडली. ते मोडणं अल्बममध्ये ओळीनं ऐकू येतं, ‘गोल्ड’मध्ये नाही.

तेव्हा पहिल्यांदा ‘अरायव्हल’, १९७६. जेमतेम तेहतीस मिनिटं. कव्हरवर चौघं पांढऱ्या कपड्यांत हेलिकॉप्टरच्या काचेच्या बुडबुड्यात बसलेत. ‘डान्सिंग क्वीन’ यातलंच. ते हेडफोन लावून ऐक आणि आवाज किती जाड आहे बघ. रेकॉर्डिस्ट मिखाएल ट्रेटोव एकच साथ दोनदा वाजवून घ्यायचा आणि दुसऱ्या वेळी टेपचा वेग किंचित बदलायचा. सूर केसभर इकडेतिकडे होतात आणि चार जणांच्या जागी वाड्यातली सगळी बिऱ्हाडं गायला उभी राहिल्यासारखं वाटतं. याच अल्बममध्ये ‘डम डम डिडल’ नावाचं एक बावळट गाणंही आहे. त्याला हसायचं आणि पुढं जायचं. प्रेम करायचं तर एवढं खपवून घ्यावंच लागतं. शेवटची चीज मात्र बिनशब्दांची आहे, तिकडच्या लोकसंगीताच्या वळणाची. ती घाईनं बंद करायची नाही.

आणि याच तेहतीस मिनिटांत ‘नोइंग मी, नोइंग यू’ आहे. रिकामं घर, संपलेला संसार. गंमत म्हणजे हे गाणं झालं तेव्हा दोन्ही जोड्या शाबूत होत्या. म्हणून गाण्यांवरून त्यांच्या घरात डोकावू नये, असं मी स्वतःला बजावतो आणि दर वेळी डोकावतो.

मधला ‘वूले-वू’ हा अल्बम पार्टी असेल तेव्हा लाव. ‘सुपर ट्रूपर’ला (म्हणजे रंगमंचावरचा तो मोठा फोकस) मात्र वेळ दे. १९८० साली घटस्फोटाच्या सुमारास ब्योर्ननं हरलेल्या बाजूचं ‘द विनर टेक्स इट ऑल’ हे गाणं लिहिलं आणि गायला दिलं आग्नेथाला. आमच्यात कुणी जिंकलं-हरलं नव्हतं, ती गोष्ट काल्पनिक आहे, असं तो सांगत आलाय. असेल. पण ती गाते तेव्हा त्याच्यावर विश्वास बसत नाही.

मग ‘द व्हिजिटर्स’, १९८१. सीडी नवीन निघाली तेव्हा कारखान्यात अगदी सुरुवातीला छापल्या गेलेल्या सीड्यांमध्ये हा अल्बम होता, पण मला त्याचं कव्हर जास्त महत्त्वाचं वाटतं. स्टॉकहोममधल्या एका जुन्या चित्रकाराची अंधारी खोली, मागे भलंमोठं चित्र, आणि चौघं चार दिशांना. कुणी कुणाकडे बघत नाही. ‘अरायव्हल’चं कव्हर शेजारी ठेवून बघ. मधे फक्त पाच वर्षं गेलीत.

यात एक गाणं आहे सकाळचं, ‘स्लिपिंग थ्रू माय फिंगर्स’. मुलगी दप्तर घेऊन शाळेला निघते, दारातून हात हलवते, हसते. आई नाश्त्याच्या टेबलाशी डोळ्यांत झोप घेऊन बसलेली. पोरीबरोबर करायच्या राहून गेलेल्या गोष्टी तिला आठवतायत. बस, एवढंच. ब्योर्ननं ते स्वतःच्या मुलीवरून लिहिलं आणि गायलं त्या मुलीच्या आईनं. हे मी बसमध्ये कधीच ऐकत नाही.

काही गाणी मूळ अल्बममध्ये सापडणारच नाहीत, ती सुटी निघाली होती. त्यातलं ‘द डे बिफोर यू केम’ (१९८२) अजिबात चुकवू नकोस. एक बाई आपला रोजचा दिवस सांगते, गाडी, ऑफिस, जेवण, झोप. मुंबईत लोकलनं जाणाऱ्या कुणालाही ते परकं वाटायचं नाही.

१९७३ चा ‘रिंग रिंग’ सगळ्यात शेवटी, लहानपणीचे फोटो बघावेत तसा. आणि चाळीस वर्षांच्या गॅपनंतर २०२१ मध्ये आलेला ‘व्हॉयेज’? मी कौतुकानं ऐकला, पुन्हा फारसा लावला नाही. पण त्यातलं ‘जस्ट अ नोशन’ ऐक. त्यात मुख्य आवाज १९७८ चे आहेत, साथ नवी. तिशीच्या आसपासच्या आवाजांना सत्तरीतले हात साथ करतायत.

एवढं सगळं रात्री अंगठा दुखेपर्यंत टाइप केलं, पाठवलं. हो, एक कबुली मुद्दामच दिली नाही. शाळेत असताना ‘मम्मा मिया’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मित्रांसमोर छातीठोकपणे सांगितलं होतं की या गोऱ्यांनी आमच्या आर. डी. बर्मनची चाल चोरली. ‘मिल गया हमको साथी’ १९७७ चं आणि ॲबाचं गाणं १९७५ चं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. ते मित्र अजून विसरलेले नाहीत.

सकाळी भाचीचं उत्तर आलं.

“थँक्यू मामा! सगळं वाचते निवांत. सध्या ट्रेनमध्ये ‘गोल्ड’ लावलंय. चौथं गाणं चालू आहे. अरे, हे तर आर. डी.चं ढापलंय!”